पक्षाघात, परिसर आणि पैसा

पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे, ही जाणीव आता शहरांतून तरी बऱ्यापैकी रुजली आहे. मेंदूतील रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि उशीर होत जाईल तसा त्याचा उपयोग घटत जातो, हेही अनेकांच्या कानावर आलेले असते. मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. ‘वेळ म्हणजे मेंदू’ हे सूत्र डॉक्टरांच्या तोंडी सतत असते, ते त्यामुळेच.

परंतु हे पहिले तास उलटल्यानंतर जे आठवडे आणि महिने येतात, त्यांच्याकडे आपला समाज, आपली रुग्णालये आणि आपली अंदाजपत्रके ज्या उदासीनतेने पाहतात, ती मात्र समर्थनीय नाही. रुग्ण घरी येतो. आतल्या खोलीत त्याची खाट लागते. ‘आता पूर्ण विश्रांती’ असे सर्वानुमते ठरते आणि त्या माणसाचे जग छतावरच्या पंख्यापुरते उरते. मेंदू सावरण्याच्या दृष्टीने ज्या काळाचे मोल सर्वाधिक, तोच काळ अशा रीतीने वाया जातो. वैद्यकशास्त्रात ढवळाढवळ करण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या अध्यापकाला अर्थातच नाही. तथापि मर्यादित साधने कोठे खर्च होतात आणि कोठे खर्च व्हावयास हवीत, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेतला आहे आणि तो येथे टाळता येत नाही.

प्रश्न लहानसहान नाही. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत दीड लाखांहून अधिक प्रौढ वस्तीची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. दर लाख प्रौढांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका येतो, असे तीत आढळले. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत त्यांपैकी जवळजवळ तीस टक्के दगावतात. याचा दुसरा अर्थ असा की, शंभरांतले सत्तर पहिल्या महिन्यानंतर आपल्यामध्ये असतात. आपली सारी यंत्रणा त्या पहिल्या काही तासांभोवती उभी आहे. या सत्तर जणांच्या पुढच्या आयुष्यासाठी मात्र यंत्रणा अशी जवळजवळ नाहीच.

मेंदूची दुसरी संधी

मेलेली मज्जापेशी पुन्हा जिवंत होत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. जो भाग रक्तावाचून मृत झाला तो गेला. मात्र त्या भागाच्या सभोवतीच्या आणि मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या जिवंत पेशी स्वस्थ बसत नाहीत. झटक्यानंतरच्या काही आठवड्यांत त्यांना नवे धुमारे फुटतात, पेशीपेशींमधील जोडण्या नव्याने बांधल्या जातात, पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने त्या भागात अधिक प्रमाणात निर्माण होतात. निकामी झालेल्या भागाचे काम शेजारचा भाग थोडेथोडे उचलू लागतो. घाटातला रस्ता दरड कोसळून बंद झाल्यावर गावकरी ज्याप्रमाणे आडवाटेने ये-जा सुरू करतात आणि त्या वर्दळीनेच पायवाटेची गाडीवाट होते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. वर्दळ मात्र हवी. जी वाट कोणी तुडवत नाही, ती पुन्हा गवताखाली जाते.

ही वर्दळ कशाने होते, याचे उत्तर शास्त्रज्ञांना प्रथम उंदरांनी दिले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांना १९४० च्या दशकात असे दिसले की, घरात मोकळे वाढलेले उंदीर प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांपेक्षा कोडी अधिक चांगली सोडवतात. पुढे १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कले येथे मार्क रोझेन्झ्वाइग, मेरियन डायमंड आदींनी दाखवून दिले की, समृद्ध परिसरात राहिलेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यावरण प्रत्यक्षात अधिक जाड होते. म्हणजे परिसराचा ठसा वागणुकीपुरता न राहता खुद्द मेंदूच्या घडणीवर उमटत होता.

पक्षाघाताच्या दृष्टीने महत्त्वाचे काम स्वीडनमधील लुंड येथे बार्ब्रो योहान्सन यांनी केले. मेंदूची रक्तवाहिनी बंद करून पक्षाघात घडवलेल्या उंदरांपैकी काहींना नेहमीच्या पिंजऱ्यात आणि काहींना समृद्ध परिसरात त्यांनी ठेवले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दुसऱ्या गटाच्या हालचाली स्पष्टपणे अधिक सुधारल्या. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, मेंदूतील मृत भागाचा आकार दोन्ही गटांत सारखाच होता. जखम तेवढीच राहिली, पण उरलेल्या मेंदूने अधिक काम केले. झटक्यानंतर पंधरा दिवसांनी परिसर बदलला तरीही लाभ होतो, हे त्यांनी पुढच्याच वर्षी दाखवले. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतही स्मृतीशी निगडित भागाला इजा झालेल्या उंदरांची शिकण्याची क्षमता समृद्ध परिसराने सुधारते, असे २००७ साली आढळून आले.

परंतु ही संधी अनिश्चित काळ थांबून राहत नाही. कॅनडातील बियर्नास्की, कॉर्बेट आदींनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात समृद्ध परिसर आणि हाताचा सराव यांची जोड पाचव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवसापासून अशा तीन गटांना देण्यात आली. पाचव्या दिवसापासून सुरुवात झालेल्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. तिसाव्या दिवसापासून सुरुवात केलेल्यांना मात्र काहीही उपचार न मिळालेल्यांपेक्षा विशेष लाभ झाला नाही. उंदराचा महिना म्हणजे माणसाचा महिना नव्हे, हे खरे. माणसाची सुधारणा अनेक महिने आणि कधी वर्षांनंतरही चालू राहते. तरीही मेंदूच्या लवचिकतेला उतरती कळा असते, हा बोध दोघांनाही लागू आहे.

आता हा ‘समृद्ध परिसर’ म्हणजे काय? त्यात भारी किमतीचे काही नव्हते. मोठा पिंजरा, सोबतीला आणखी उंदीर, चढावयास शिड्या, शिरावयास नळ्या आणि दर काही दिवसांनी बदलल्या जाणाऱ्या वस्तू. एवढ्यात सारे आले. सोबत, नावीन्य आणि हालचाल हे त्याचे तीन घटक. या तिन्ही गोष्टी आपल्या रुग्णाला मिळतात काय, हे ज्याने त्याने आपल्या परिचयातील घरांवरून तपासून पाहावे.

सेवा की बंदिवास?

पाश्चात्त्य देशांतील सुसज्ज रुग्णालयांतही चित्र फारसे समाधानकारक नव्हते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ज्यूली बर्नहार्ट यांनी पाच रुग्णालयांतील रुग्णांची दिवसभर नोंद ठेवली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात होते आणि साठ टक्के वेळ एकटे होते. उपयुक्त म्हणता येईल अशा हालचालीत त्यांचा केवळ तेरा टक्के वेळ गेला. त्याच देशात पुढे हायडी जॅन्सेन आणि सहकाऱ्यांनी पुनर्वसन विभागात पुस्तके, संगीत, खेळ आणि एकत्र बसण्याची जागा उपलब्ध करून पाहिली, तेव्हा रुग्णांचे झोपून राहण्याचे आणि एकाकी बसण्याचे प्रमाण घटले. फिनलंडमध्ये तेप्पो सार्कामो यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची शब्दस्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली.

आपल्याकडे माणसांची वाण नाही, त्यामुळे आपला रुग्ण एकाकी नसतो, असे आपण समजतो. हा समज अर्धाच खरा आहे. घरात माणसे असतात, पण ती रुग्णाभोवती असतात, रुग्णाबरोबर नसतात. त्याच्यादेखत त्याच्याविषयी तृतीयपुरुषी बोलले जाते. त्याची जीभ जड झाली म्हणून त्याचे वाक्य दुसराच पुरे करतो. डाव्या हाताने घास घेण्यास वेळ लागतो म्हणून कोणीतरी भरवते. उजवा हात थोडासा हलू लागला असेल, तर त्यालाही कोणी काम देत नाही. भेटावयास आलेल्यांना दारातूनच परतवले जाते, कारण ‘त्यांना त्रास होईल’. हे सर्व प्रेमापोटी घडते, याविषयी शंका नाही. किंबहुना सेवा या शब्दाला आपल्या संस्कारांत एवढे वजन आहे की, रुग्णाला काहीही करू न देणे म्हणजेच सेवा अशी आपली ठाम समजूत झाली आहे. परंतु पायवाटेवर वर्दळ होऊ नये याची चोख व्यवस्था जर कोणी केली असेल, तर ती या सेवेनेच.

वास्तविक वाटाणे सोलणे, धान्यातले खडे निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, पत्ते पिसणे, कॅरमची सोंगटी टिचकावणे, कॅलेंडरवरची आजची तारीख शोधणे, नातवाची उजळणी घेणे, वर्तमानपत्रातील मथळे मोठ्याने वाचणे, या साऱ्या गोष्टी मेंदूला कामाला लावणाऱ्या आहेत आणि त्यांना खर्च नाही. खाटेची जागा बदलून खिडकीजवळ नेणे, दिवसातले काही तास खुर्चीत आणि तीही गॅलरीत घालवणे, यांनाही खर्च नाही. येथे एक सावधगिरी मात्र हवी. सकाळपासून रात्रीपर्यंत मोठ्या आवाजात दूरदर्शन संच लावून ठेवणे म्हणजे परिसर समृद्ध करणे नव्हे. त्यात रुग्णाची निवड नसते आणि कृतीही नसते. थकलेल्या मेंदूला झोप हवी असते, शांतताही हवी असते. दिवसाला आकार असावा, एवढाच मुद्दा आहे.

दोन इशारे

या विचाराचे समर्थन करताना प्रतिकूल पुरावा दडवणे उचित होणार नाही. पाच देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला ‘ॲव्हर्ट’ हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार उठवून हालचाल करावयास लावल्यास लाभ होण्याऐवजी परिणाम किंचित वाईटच होतो, असे त्यात दिसले. तेव्हा सुरुवात केव्हा आणि किती प्रमाणात करावी, हे डॉक्टर आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांनीच ठरवावयास हवे. उत्साहाच्या भरात कुटुंबाने ते ठरवू नये.

दुसरा इशारा आपल्याच देशातला आहे आणि धोरणाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. भारतातील चौदा रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ नावाचा प्रयोग झाला. रुग्णाच्या घरातील एका व्यक्तीला व्यायामाचे आणि शुश्रूषेचे शिक्षण देऊन तिच्याकरवी घरी पुनर्वसन करावे, अशी ती योजना होती. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत काहीही फरक नव्हता. दोहोंत ते सुमारे सत्तेचाळीस टक्के होते.

या निष्कर्षावरून ‘घरी काही केले तरी उपयोग नाही’ असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल, कारण या प्रयोगाने घरचा परिसर बदलला नव्हता. घरातल्या एका माणसाच्या अंगावर एक काम अधिक टाकले होते. अर्थशास्त्रज्ञाला यातून वेगळा धडा दिसतो. कुटुंबाचे श्रम फुकट असतात, असे गृहीत धरून आखलेली योजना स्वस्त दिसते, परंतु तिची किंमत कोणीतरी मोजतच असते. ती बहुधा घरची बाई मोजते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. या पाच तासांवर रुग्णाच्या व्यायामाची आणखी भर घालावयाची आणि तो नीट झाला नाही की दोषही तिलाच द्यावयाचा, हे न्याय्यही नाही आणि कार्यक्षमही नाही. परिसर समृद्ध करणे हे एकट्या सुनेचे किंवा पत्नीचे काम नव्हे. ते इमारतीचे, वसाहतीचे आणि नगराचे काम आहे.

नियोजित नगराची जबाबदारी

येथे नवी मुंबईचा विशेष विचार करावासा वाटतो. हे नगर आपोआप वाढलेले नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० साली सिडकोची स्थापना झाली. माणसाने कसे राहावे, याचा आधी विचार करून मग विटा रचल्या गेल्या, असा या नगराचा दावा आहे. त्या दाव्याचे उत्तम प्रतीक म्हणजे कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूर येथे उभारलेले आर्टिस्ट व्हिलेज. त्यात सात घरे एका लहान अंगणाभोवती आहेत. अंगण साधारण आठ मीटर लांब व तेवढेच रुंद. अशा तीन समूहांची मिळून एकवीस घरे एका अधिक मोठ्या मोकळ्या जागेभोवती आहेत. पक्षाघाताचा विचार ही रचना करताना कोणाच्या मनात असण्याचे कारण नाही. परंतु उंबरठा ओलांडला की अंगण, अंगणात शेजारी आणि पुढे चौक, अशा रचनेत खुर्चीवर बसलेल्या माणसालाही सोबत, नावीन्य आणि हालचाल सहज लाभतात.

याच्या उलट कोपरखैरणे किंवा घणसोली येथील एखाद्या माथाडी कामगाराचे घर डोळ्यांपुढे आणावे. मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले आणि त्यांच्याबरोबर पाठीवर पोती वाहणारा हा कष्टकरी वर्गही आला. लहान भूखंडावरच्या बैठ्या घरांवर कुटुंब वाढेल तसे मजले चढले आणि जिने अरुंद व उभे झाले. अशा घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कामगाराचा एक पाय लुळा पडला, तर त्याच्या दृष्टीने नेरूळचे वंडर्स पार्क आणि खारघरचे सेंट्रल पार्क लंडनइतकेच दूर आहेत. ज्याच्या घराला उद्वाहन आहे, गॅलरी आहे आणि जो भौतिकोपचारतज्ज्ञाला घरी बोलावू शकतो, त्याचा मेंदू सावरण्याची शक्यता अधिक, आणि ज्याचे शरीर हेच भांडवल होते त्याची सर्वांत कमी. ही विषमता दैवाने दिलेली नाही. ती जिन्याच्या पायऱ्यांत आणि खर्चाच्या रकान्यांत आहे, म्हणून ती बदलता येण्याजोगी आहे.

त्यासाठी नवे मोठे रुग्णालय बांधण्याची आवश्यकता नाही. नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथे रुग्णालये आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी तिने विभागाविभागांतून विरंगुळा केंद्रे उभारली आहेत. या केंद्रांपैकी तळमजल्यावरची काही निवडून तेथे आठवड्यातून दोन-तीन दुपारी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी राखून ठेवता येतील. एक भौतिकोपचारतज्ज्ञ आणि एक वाचोपचारतज्ज्ञ पाळीपाळीने तेथे यावेत. कॅरम, पत्ते, भजन, गप्पा आणि चहा यांची सोय बहुतेक ठिकाणी आधीच असते. घर ते केंद्र अशी नेआण करणारे वाहन आणि जिन्यावरून उतरवण्यास दोन मदतनीस, हा खरा खर्च आहे आणि तोच महापालिकेने उचलावा. ज्या घरातून रुग्ण तीन तास बाहेर जाईल, त्या घरातील स्त्रीला तेवढे तीन तास मिळतील, हा लाभही हिशेबात धरावा. रुग्णाला घरी पाठवताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर ‘खाट कोठे असावी, कोणती कामे स्वतः करावीत, रोज कोणाशी बोलावे’ अशा सूचनांचा मराठीतला कागद देणे, याला तर छपाईपुरताच खर्च येईल. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम असाव्यात, असे सांगतो. त्याची अंमलबजावणी पदपथांच्या उंच कडांपासून आणि केंद्रांच्या पायऱ्यांपासून सुरू करावी.

खर्चाचे एक मोठे व्यंग विम्याच्या रचनेतही आहे. खासगी आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयातील खाटेला पैसे देतो आणि घरी आल्यानंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच मान्य करतो. शासनाच्या महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेचा भरही रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ही परस्परपूरक साधनांपैकी एकावर मुबलक आणि दुसऱ्यावर शून्य खर्च करण्याची रीत आहे. विहीर खणण्यास लाख रुपये द्यावेत आणि पोहऱ्याच्या दोराला शंभर रुपये नाकारावेत, तसे हे आहे. गुठळी विरघळवून जो मेंदू वाचवला, त्याला पुढे काम मिळाले नाही, तर आधीच्या खर्चाचे फळही पदरात पडत नाही.

उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत आणि माणसांवरचे प्रयोग अजून लहान आहेत, असा आक्षेप घेतला जाईल. तो योग्यच आहे. तथापि येथे सुचवलेल्या उपायांत धोका कमी, खर्च माफक आणि लाभाची शक्यता भक्कम आहे. अंशतः चूक ठरले तरी एका माणसाला घराबाहेरचे आकाश, चार ओळखीचे आवाज आणि हाताला थोडे काम मिळालेले असेल. उलट हातावर हात ठेवून बसण्याची किंमत निश्चित आहे आणि ती रोज मोजली जात आहे. सिडकोने पन्नास वर्षांपूर्वी माणसासाठी शहर रचण्याचा संकल्प केला. खाटेवरचा माणूस त्या संकल्पात धरला होता की नव्हता, याचे उत्तर आता महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकाने द्यावे.